खट्... खटाक्!

गेल्या शनिवारी कॉलेजातल्या एका मित्राचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "अरे, तू बंदुका जमवतोस म्हणे? तू? चाळिशी आली की लोक बुलेट घेतात, सह्याद्री पालथा घालतात, फार तर मॅरेथॉन पळतात. बंदुका कसल्या जमवतोस?"

त्याला अर्धा तास समजावलं. पटलं नाही. मग म्हटलं, लिहूनच काढावं एकदा. हापिसात कोणी विचारलं तर लिंक देऊन मोकळं होता येईल.

आधीच सांगून टाकतो. या लेखात कोणी वाघ मारत नाही. हरीणसुद्धा नाही. शिकारकथेच्या आशेने आला असाल तर इथूनच परत फिरलात तरी राग नाही.

तर, बंदुकीशी माझी पहिली ओळख जत्रेतली. आजोळच्या जत्रेत फुग्यांचा बोर्ड असायचा. लाल, पिवळे, निळे फुगे आणि छर्‍याची एक जुनाट बंदूक. तिची नळी मोडून छर्रा घालायचा आणि झाडायची. नेम धरला लाल फुग्यावर की फुटायचा शेजारचा पिवळा. त्या बंदुकीची माशी मुद्दाम वाकडी केलेली असते हे ज्ञान पुढे पुष्कळ वर्षांनी झालं. तोपर्यंत आपलाच नेम वाईट अशी समजूत.

आम्ही खडकीचे. बाबा तिथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत. ही फॅक्टरी इंग्रजांनी १८६९ साली काढली. भोंगा झाला की बाबांची सायकल निघायची, आणि संध्याकाळच्या भोंग्याला परत. बाबा इन्स्पेक्शनला होते. म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गेजमध्ये घालून बघायच्या, बसली तर पास, नाही तर बाजूला. त्यांच्या बोटांखालून आयुष्यात किती लाख पुंगळ्या गेल्या असतील याचा हिशोब त्यांनीही ठेवला नाही. पण त्यांनी स्वतः एकही गोळी झाडली नाही. घरी फॅक्टरीचा विषय काढायचा नाही हा नियमच होता. मी एनसीसीत .२२ च्या पाच गोळ्या झाडून आलो आणि त्यातल्या तीन टारगेटला लागल्या (चौथी शेजारच्याच्या टारगेटला!) असं फुशारकीने सांगितलं, तेव्हा बाबा फक्त म्हणाले, "हात धुतलेस का?"

२००६ साली मी पिट्सबर्गला आलो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपवून सोमवारी हापिसात गेलो तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मॅनेजर गायब. टेस्टिंगवाला गायब. काही साथबिथ आली की काय? मग कळलं की पेनसिल्व्हेनियात त्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, आणि कित्येक शाळांनाही त्या दिवशी सुट्टी असते. आपल्याकडे दहीहंडीला असते तशी! (२०१९ पासून हा मुहूर्त शनिवारवर आणलाय, त्यामुळे हापिसं वाचली.)

त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा भडक नारिंगी जाकीट घालून अंगणात उभे होते. हातात रायफल. मी घाबरून "हाय" म्हटलं. त्यांनी ती रिकामी असल्याचं मला दाखवलं, आणि दाखवताना डाव्या हाताने नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली आणि पुढे ढकलली. खट्... खटाक्!

त्या आवाजाने मला धरलं ते अजून सोडलेलं नाही.

आजोबा पोलादाच्या कारखान्यातले. मनाँगाहेला नदीकाठी होमस्टेडचा प्रचंड कारखाना होता, तो १९८६ साली बंद पडला, आणि आजोबा मिळेल ते काम करत निवृत्त झाले. ती रायफल म्हणजे रेमिंग्टन ७६०, साठच्या दशकात पहिल्यावहिल्या पगारांतून घेतलेली. मला म्हणाले, "चल एकदा रेंजवर." मी उत्साहाने हो म्हटलं आणि रात्री नेटवर कायदा वाचला. एच-वन विसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे. अपवाद आहेत, राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं वगैरे. पण मध्यमवर्गीय मराठी माणूस विसाच्या बाबतीत अपवादांवर विसंबत नाही. :-) त्यामुळे पुढची आठ वर्षं मी आजोबांबरोबर रेंजवर जायचो आणि हाताची घडी घालून बघायचो. २०१४ मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि २०१५ मध्ये मी पहिली गोळी झाडली.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येत असेल तर तीन परिच्छेद उडी मारा.

काउबॉय सिनेमात असते ती लिव्हर-ॲक्शन. ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर, नवीन गोळी आत. गंमत अशी की ती कडी हलवायला उजवा हात लागतो, म्हणजे ज्या हाताने ट्रिगर दाबायचा तोच हात जागेवरून सुटतो. पंप-ॲक्शनवाल्यांनी विचार केला, डावा हात नाहीतरी नळीखाली नुसता आधाराला असतो, त्यालाच कामाला लावू. मूठ मागे: कुलूप उघडलं, पुंगळी उडाली, हॅमर ताणला. मूठ पुढे: नवीन गोळी चेंबरमध्ये, कुलूप बंद. नजर नेमावरून हलत नाही. वरातीतल्या बँडमध्ये तो लांब दांडीचा ट्रॉम्बोन असतो ना, तीच हालचाल. इथले जुने लोक हिला ट्रॉम्बोन-ॲक्शन म्हणतातही.

कोल्टने १८८४ मध्ये 'लाइटनिंग' नावाची अशी रायफल काढली. पण घरोघरी पोचली ती विंचेस्टर १८९०. जॉन ब्राउनिंग आणि त्याचा भाऊ मॅथ्यू यांचं डिझाइन, .२२ कॅलिबर, अष्टकोनी नळी आणि उघडा हॅमर. १९३२ पर्यंत साधारण साडेआठ लाख बनल्या. आणि त्या कुठे गेल्या माहितीये? बर्‍याचशा जत्रेत! तेव्हाच्या अमेरिकेतल्या जत्रांमधून, करमणुकीच्या बागांमधून शूटिंग गॅलर्‍या असायच्या. पत्र्याची बदकं, मातीच्या चिलमी, आणि काउंटरवर ही .२२ पंप-ॲक्शन. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे हीच ती! आपली फुगेवाल्याची बंदूक, फक्त शंभर वर्षं जुनी आणि नळी सरळ असलेली.

या १८९० मध्ये एक लफडं आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ते लगेच कळेल. ही रायफल .२२ शॉर्ट, .२२ लाँग, .२२ डब्ल्यूआरएफ आणि पुढे १९१९ पासून .२२ लाँग रायफल अशा चार काडतुसांसाठी मिळायची. पण एक बंदूक फक्त एकाच काडतुसाची! चार व्हर्जन्स, एकमेकांशी कंपॅटिबल नाहीत, आणि बाहेरून सगळ्या सारख्या. फरक फक्त नळीवरच्या शिक्क्यात. नंतर आलेल्या विंचेस्टर १९०६ ने, १९०८ सालापासून, शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल तिन्ही एकाच बंदुकीत चालवून दाखवली. म्हणजे बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी आणायला अठरा वर्षं गेली. आमचं प्रॉडक्ट बरं म्हणायचं.

रेमिंग्टनवाल्यांकडे जॉन पेडरसन नावाचा अफाट माणूस होता. त्याच्या मॉडेल १२ मध्ये हॅमर आत लपवलेला, रेषा इतक्या स्वच्छ की ती १९०९ सालची आहे हे पटत नाही. त्याचंच मॉडेल १४ मोठ्या काडतुसांचं. आता अडचण बघा. नळीच्या आकाराच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकापाठोपाठ एक झोपलेल्या असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमकं जिथे ठोका बसल्यावर बार उडतो तिथेच. टोकदार गोळी असेल आणि धक्का बसला तर? पेडरसनने मॅगझिनच्या नळीला पीळ दिला. स्क्रूच्या आट्यांसारखा. गोळ्या तिरक्या बसतात आणि टोक बाजूला राहतं. प्रॉब्लेम सोडवणं म्हणजे काय, हे नव्या पोरांना शिकवताना मी अजून हा पीळ फळ्यावर काढतो.

रेमिंग्टन ७६० ही १९५२ ची, मॉडेल १४ ची नात म्हणा. तिला सुटं मॅगझिन असल्यामुळे पिळाची भानगडच नाही. १९८१ पर्यंत दहा लाखांवर बनल्या. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल कित्येक दशकं चालत नव्हती (२०१७ मध्ये थोडी सूट मिळाली ती छोट्या शिकारीपुरती), म्हणून दुसरी गोळी पटकन झाडायची असेल तर पंप. तिला इथे गमतीने 'अमिश मशिनगन' म्हणतात. अमिश लोक वीज आणि मोटारगाडीपासून लांब राहतात म्हणून!

असो. तर अशा माझ्याकडे हळूहळू चार झाल्या. एक १९०६, एक मॉडेल १२, एक मॉडेल १४ आणि शेवटी २०१८ च्या उन्हाळ्यात, बरेच महिने शोधून, एक १८९०.

जुन्या बंदुका घेताना पहिला धडा असा की चकचकीत दिसली की सावध व्हायचं. शंभर वर्षांचा करडा-तपकिरी रंग म्हणजे अस्सल माल. कोणी घासूनपुसून नवी निळी झिलई चढवली असेल तर संग्राहकाच्या लेखी तिची किंमत पडते. माझी १८९० अशीच झिलई मारलेली, म्हणून तर परवडली. विकणार्‍याने छातीठोकपणे सांगितलं, ".२२ लाँग रायफल." नळीवरचा शिक्का पॉलिशमध्ये गुळगुळीत झालेला. मी मान डोलावली.

झाडायला लागलो तर गोळी कधी वर यायची, कधी नाही. मग एकेक हाताने चेंबरमध्ये सारायची. नेमाचं तर विचारूच नका. म्हटलं म्हातारी आहे, चालायचंच.

आणि मग २७ ऑक्टोबर २०१८ उजाडला. शनिवार होता. पिट्सबर्गच्याच स्क्विरल हिलमध्ये, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये एका माणसाने प्रार्थनेला आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. अकरा माणसं गेली. आमच्या टीममधली एक मुलगी त्याच गल्लीत राहायची. ती सोमवारी आली आणि दिवसभर हेडफोन लावून बसली. त्यात गाणं चालू नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

त्या रात्री जेवताना बायको काही बोलली नाही. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. तो म्हणाला, "आई, आमच्या शाळेत आम्ही कपाटामागे गप्प बसायचा खेळ खेळतो." मी पानावरून उठून हात धुवायला गेलो.

मग ती बोलली. भांडली नाही. ते बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तुझ्या त्या सुंदर आहेत, मला कळतं. पण तू मला त्या आणि ती, यात फरक सांगतोस ना, तेव्हा मला वाटतं तू मला नाही, स्वतःलाच सांगतोयस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही. शंभर वर्षं जुनी, लाकडी दस्त्याची, एकेक गोळीला हात हलवावा लागणारी रायफल वेगळी, असं मी म्हणतो. ते खरं आहे. आणि माझी ७६० ज्या .३०-०६ च्या गोळीने हरीण पाडते त्या गोळीला समोर कोण आहे हे कळत नाही, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे म्हटलं की वाद संपतो, पण प्रश्न तसाच राहतो. मी तिजोरी बंद केली ती सात-आठ महिने उघडली नाही. सगळं विकून टाकायच्या बेतात होतो.

"माझी ७६०" म्हटलं खरं, पण ती तेव्हा माझी नव्हती. २०१९ च्या उन्हाळ्यात शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात जायला निघाले. ती रायफल कोणाला द्यायची? मुलगी म्हणाली नको. ते आमच्या दारात आले. पेनसिल्व्हेनियात लांब नळीची बंदूक दोघांनी आपसात दिली-घेतली तर दुकानदार मध्ये लागत नाही, पण आजोबा हट्टाने मला दुकानात घेऊन गेले, फॉर्म भरायला लावला, तपासणी झाली आणि मगच हातात दिली. "कागद हवा," म्हणाले. ती घरी आणायची की नाही ते मी बायकोवर सोडलं होतं. ती म्हणाली, "घे. तेरा वर्षं आपल्या दारातला बर्फ त्यांनी काढलाय." तिने अटी मात्र घातल्या: तिजोरी तळघरात, गोळ्या वेगळ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या दोघांकडे. म्हणजे एकट्याने मला काहीच उघडता येत नाही. मला हे डिझाइन आवडलं.

आता बाबा. बाबा २०२३ च्या उन्हाळ्यात तीन महिने आले. आईच्या माघारी पहिल्यांदाच. मी बंदुकांचं त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं. एका शनिवारी रेंजवरून आलो तर ते मागच्या अंगणात चहा पीत बसलेले. माझ्या खिशातून एक रिकामी पुंगळी खाली पडली आणि घरंगळत त्यांच्या चपलेपाशी गेली.

लहानपणी खिशात सिगारेट सापडावी तसं झालं मला.

बाबांनी पुंगळी उचलली. चष्मा लावला. बोटांत धरून फिरवली, उजेडाकडे केली, नखाने कड चाचपली. चाळीस वर्षांपूर्वी फॅक्टरीत ते कसे बसत असतील हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"फुगलीय," ते म्हणाले. "आणि ही बघ, उभी चीर."

"जुनी बंदूक आहे हो बाबा."

"जुनं-नवं नाही. याचं चेंबर मोठं आहे. ही गोळी या बंदुकीची नाहीच." मग माझ्याकडे बघून, "डोळ्याला चष्मा घालतोस ना झाडताना? गॅस मागे येतो."

मी आतून व्हर्नियर आणला. नव्या .२२ लाँग रायफलची पुंगळी ५.७ मिलिमीटर. झाडलेली साधारण ६.१. मग नळीवर विजेरी तिरकी धरून, भिंगातून, झिलईखाली पुसट झालेलं अक्षर आम्ही दोघांनी शोधलं. डब्ल्यू. मग आर. मग एफ. पाच वर्षं मी चुकीची गोळी घालत होतो. डब्ल्यूआरएफचं काडतूस जाड असतं, कारण त्यात गोळी पुंगळीच्या आत बसते. लाँग रायफलमध्ये दोन्हींची जाडी सारखी. बारीक पुंगळी रुंद चेंबरमध्ये फुगते आणि फाटते. डोळा जायचा राहिला, एवढंच.

"विकणारा म्हणाला होता," मी म्हटलं.

"तो म्हणाला, तू गेज लावलंस का?"

पंधरा वर्षं मी कोड रिव्ह्यू करतोय. लोकांना हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकवतो.

मग मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, तुम्ही कधी झाडून का नाही बघितलीत?"

ते बराच वेळ गप्प होते. "आमचं काम गेजपर्यंत. पुढे ती पेटी कुठे जाते, कोणावर जाते, ते आम्ही विचारायचो नाही. पण ६५ ला, ७१ ला पेपर वाचताना प्रत्येकाच्या मनात यायचंच. जी गोळी माझ्या हातून गेली ती आपल्या पोराला ऐनवेळी दगा देऊ नये, एवढंच मी बघत होतो. समोरच्याचं पोर... त्याचा विचार केला असता तर काम झालं नसतं." चहा निवला होता, तो एका घोटात संपवला. "तू शौक म्हणून करतोस. मग तुला विचार करायला वेळ आहे. तो करत जा."

बायको दारात उभी होती. तिने ऐकलं. नंतर आम्ही त्यावर बोललो नाही, पण तिने माझ्या १८९० ला एक लेबल बांधलं. जाड मार्करने, मराठीत: 'फक्त डब्ल्यूआरएफ'. ही काडतुसं आता कोणी तरी अधूनमधून एखादी खेप काढतं, तेव्हा मिळतात. त्यामुळे ती बंदूक वर्षातून दोनदा चालते. आणि काय सांगू, नीट गोळी मिळाल्यावर नेम असा लागतो म्हणता! पत्र्याची बदकं समोर असती तर एक उरलं नसतं.

बाकी पडझड चालूच आहे. ७६० जिथे बनली तो न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा रेमिंग्टनचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. तिथली सुरुवात १८१६ सालची, म्हणजे दोनशे वर्षांवर. आजोबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कारखान्यांना असंच होतं." बाबांची फॅक्टरी २०२१ पासून सरकारी कंपनीच्या नावाखाली गेली, तेव्हा बाबाही साधारण हेच म्हणाले होते.

आता चिरंजीव बारा वर्षांचे आहेत. "बाबा, मला कधी नेणार?" हे दर शनिवारी. बायको म्हणते तू ठरव. मी म्हणतो आपण ठरवू. अजून ठरलेलं नाही. त्याला आधी व्हर्नियर वापरायला शिकवतोय. पुंगळ्यांचा डबा त्याच्या ताब्यात दिलाय, मोजून वहीत मापं लिहितो. ज्या दिवशी तो मला सांगेल की ही गोळी या बंदुकीची नाही, त्या दिवशी बघू.

मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? नसेल मिळालं तर फोन कर. बाकी पुढच्या वीकांताला.